जानेवारीत तुरांगीला

पापाटोएटो,
नोव्हेंबर २००६

प्रिय कौमू,

तुरांगीचं केबिन मिळालं. नदीपर्यंत चालत जाता येईल असंच, जानेवारीत. फोनवरच्या बाईंनी विचारलं, किती माणसं? मी तिघं म्हणालो. शेजारचे सुरेशकाका काल त्यांचे मासे पकडायचे रॉड घेऊन आले होते. त्यांची फिजीची हिंदी आणि माझी चिपळूणची, अशा दोन हिंद्यांत आम्ही तोंगारिरो नदीचा नकाशा पसरून बसलो. त्यांचं म्हणणं, उन्हाळ्यात दुपारी ट्राउट खोल पाण्यात जाऊन बसतात, तेव्हा उगाच काठावर करपत बसू नका. सकाळी जा, नाहीतर उन्हं उतरल्यावर. झाडांवर किरकिरणारे सिकाडा वाऱ्याने पाण्यात पडतात आणि मासे त्यांच्यावर झेपावतात. म्हणून गळाला तसाच दिसणारा खोटा किडा लावायचा. काकांनी हिरव्या पंखांचे किडे स्वतः बांधून आणलेत. एक मी खिडकीत ठेवलाय. तुझे कपडे न्यायला घरी आलेल्या आईने तो खरा समजून चपलेने मारला.

दोन वर्षांपूर्वी आपण गेलो होतो तेव्हा मला यातलं काहीच येत नव्हतं. मी वाशिष्ठीच्या काठी वाढलेला माणूस. गांडूळ लावायचं, गळ टाकायचा, मासा लागला की घरी न्यायचा, इतकंच मला ठाऊक. तिथे मी दोरी मागे फेकली की ती झाडात अडकायची आणि पुढे फेकली की माझ्याच टोपीत. तू हसता हसता पोहायच्या टॉग्जवरच पाण्यात बसलीस. मग माझ्या हातून रॉड घेऊन म्हणालीस, “बाबा, यू आर ट्राइंग टू हार्ड.” आणि मासा तुलाच लागला. ट्राउट इथे दुकानात मिळत नाही, ज्याला खायचा त्याने पकडायचा, हा नियम मला त्या दिवशी फार आवडला. आईने रवा लावून तळला आणि शेपटीकडचा तुकडा तू माझ्या ताटातून पळवलास.

हे लिहायला नको होतं. तुझ्यापुढे खाण्याचा विषय काढू नका असं आम्हाला सांगितलंय. पण आता लिहिलं गेलं, खोडत नाही.

घरचं सांगायचं तर आईने फार्मसीतून रजा घेतलीये आणि ती तुझ्यापाशीच असते, तेव्हा घरात मी एकटा. कोपऱ्यावरच्या डेअरीतला माणूस तुझी चौकशी करतो. मी त्याला ‘शी इज गुड’ असं सांगतो आणि दूध घेऊन घरी येतो. तुझ्या खोलीत मी जात नाही. मागे एकदा व्हॅक्यूम करायला गेलो आणि पलंगाखाली शाळेचे डबे सापडले, आईने भरून दिलेले, झाकण न उघडलेले. त्या दिवशी मी तुझ्यावर ओरडलो. दुसऱ्या दिवशी हात जोडले. तिसऱ्या दिवशी तुला नवा फोन देऊ केला. तू प्रत्येक वेळी एवढंच म्हणालीस, “बाबा, आय एम जस्ट नॉट हंग्री,” आणि स्वेटरच्या बाह्या ओढून घेतल्यास.

माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात मी दिवसभर पंप बघतो. बंद पडलेल्या पंपात कुठेतरी कारण असतं, ते सापडलं की तो चालू होतो, यावर माझी इतकी वर्षं निघाली. तुझं कारण मी कुठे शोधायचं बाकी ठेवलं नाही. शाळेत कोणी काही बोललं का, पुणं सोडून तुला इथे आणलं ते चुकलं का, मी एकदा तुझ्या गालांवरून चिडवलं होतं तेच मनात राहिलं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं एक कारण नसतं, आणि तुम्ही कोणी हे केलेलं नाही. त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला मात्र हातातून पाना काढून घेतल्यासारखं झालं.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तू भरभर वाचलं असतंस. पण इंग्रजीत मला तुझ्याशी ‘प्लीज’ एवढंच बोलता येतं. तिसरीपर्यंत पुण्यात शिकलीस, तेव्हा सावकाश का होईना, वाचशील. अडलं तर साताऱ्याच्या त्या मृणालिनी सिस्टर आहेत. पत्र त्यांच्याच हाती देतोय, कारण मला वॉर्डातल्या खोलीत येऊ देऊ नका असं तू त्यांना सांगितलंस. बरोबर आहे तुझं. तुझ्या हृदयाचे ठोके फार मंद झालेत, आता थांबता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू आमच्याकडे बघून म्हणालीस, ट्यूबला हो म्हणालात तर मी तुमच्याशी कधीच बोलणार नाही. आई रडायला लागली. हो मी म्हणालो. उद्या सकाळी तुझ्या नाकातून नळी घालतील, ती पोटापर्यंत जाईल. सिस्टर म्हणतात, घालताना त्रास होईल, मग सवय होते. आई तुझा हात धरून बसेल. मी बाहेर, लिफ्टपाशी असेन. केबिन ठरवलं, रॉड आणले, नकाशा पाहिला, कारण मला करता येण्यासारखं तेवढंच उरलं होतं. जानेवारीत तू उभी राहू शकशील का, हे मी कोणालाच विचारलेलं नाही. माझ्याशी बोलू नकोस. हवं तितकं रागाव, हवी तितकी वर्षं. रागवायलाही अंगात बळ लागतं, कौमू. तेवढं तुझ्यात येऊ दे.

तू बोलली नाहीस तरी तुझाच,
बाबा