मागच्या अंगणातली लिफ्ट

३ जानेवारी
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
जिंकलो रे आपण! गल्लीच्या तोंडाशी असलेलं जुनं घर पाडायला बिल्डरला मनाई झाली. नगरपालिकेने आपली अख्खी गल्लीच संरक्षित ठरवली. आता कुठल्याही घराच्या दर्शनी भागाला हात लावायचा, तर आधी आमच्या रहिवासी मंडळाची संमती लागणार. आणि मंडळाची अध्यक्ष कोण, तर तुझी ताई! सुनावणीत घसा बसेपर्यंत बोलले. तुझे मेहुणे म्हणतात, घरात तो कधी बसत नाही.
माया आहेच, हसणं आवर.
तुझी ताई

२० फेब्रुवारी
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं, फार मिरवलो. पण काल शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांच्या सुनेचा फोन आला. मास्तरांचे गुडघे गेलेत, वर्षभर ते माडीवरून खाली उतरलेले नाहीत. पुढच्या भिंतीला लिफ्ट लावायची परवानगी मागितली, ती म्हणे तुमच्याच मंडळाने नाकारली. ज्यांनी आपला हात धरून रेघ ओढायला शिकवली, त्यांना घर जपायचं म्हणून घरातच कोंडायचं?
रागावलीस तरी चार ओळी लिही.
तुझा धाकटा

२ मार्च
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
रागावले होते. मग मास्तरांकडे गेले. पुढून लिफ्ट लावायची तर सगळं कोरीव लाकूडकाम फोडावं लागेल, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "घर एवढं बघण्यासारखं आहे, मग मला का दिसत नाही?" तिथून तडक इंजिनियरला बोलावून घेतलं.
इंजिनियर म्हणतो, लिफ्ट मागून बसेल, पण तिचा पाया आपल्या मागच्या अंगणात, तुझ्या हिश्शात येईल. मंडळाला नाही म्हणायचा अधिकार मिळालाय. कुणाची जागा घ्यायचा नाही. तिथे नुसती विनंती. त्याच जागेत तुला गॅरेज बांधायचंय, हे ठाऊक असूनही विचारते. अध्यक्ष म्हणून नाही, बहीण म्हणून.
उत्तर काहीही दे, जीव लावणं कमी करू नकोस.
तुझी ताई

९ मार्च
ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.
हो. सही करून संमती सोबत पाठवतोय. गाडी उन्हात उभी राहील. तिला गुडघे नाहीत.
तुझा धाकटा

१५ जून
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
आज मास्तर खाली आले! आपल्या अंगणातून त्यांची चाकांची खुर्ची तुझ्या मेहुण्यांनी ढकलत आणली. सगळं मंडळ वाट बघत रस्त्यावर उभं होतं. मास्तर आधी स्वतःच्या घरासमोर थांबले, मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग ते म्हणाले, "चांगलं वाचवलंत. आता पुढचं घर दाखवा."
एकेका घरापाशी थांबत निघालो. प्रत्येक दारातून माणसं बाहेर येत होती, त्यांच्या पाया पडत होती, आमच्या मागून चालत होती. शेवटच्या घराशी तुझे मेहुणे खुर्ची वळवायला लागले, तर मास्तर म्हणाले, "गल्ली संपली. रस्ता कुठे संपलाय?"
पत्र लिहून होत आलं, दोघे अजून परतलेले नाहीत. चहा दोनदा गरम केला.
तुझ्यावरची माया आज जरा जास्तच आहे, सांभाळून घे.
तुझी ताई