लाल दोऱ्याचा टाका

९ ऑक्टोबर, सोमवार, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा खोकला उतरलाय, पण औषधाचा चमचा पुढे केला की अजून लहान मुलासारखं तोंड फिरवते. तुझी चौकशी रोज करते. फोन आला का, जेवला का, पन्नाशीला आलेल्या लेकाची काळजी काही संपत नाही.

तुझा राखाडी कोट धुऊन, इस्त्री करून तयार आहे. बाहीवरचा डाग चहाचा म्हणाला होतास. तो गंजाचा होता. निघाला, पण वेळ लागला. डागाच्या बाबतीत मला खोटं सांगून काही उपयोग नसतो, हे तुला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

लाँड्रीचं म्हणशील तर मोठं मशीन चालू आहे, कामाच्या दोघी मुली वेळेवर येतात. गेस्ट हाउसचं काम मात्र गेलं. चादरी सकाळी पोचायच्या होत्या, त्या गाडीसकट पुलाच्या चढावर अडकल्या. मी गठ्ठे रिक्षात घालून नेले तोवर दुपार झाली होती. मॅनेजर म्हणाला, "बाई, पाहुण्यांना काय उघड्या गादीवर झोपवू?" त्याचंही बरोबरच आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच बोलले असते, फक्त जरा मोठ्याने.

मागे तू फोनवर विचारलंस, "गाडी कशी चाललीय?" मी म्हणाले, "चाललीय." ती चालत नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये उभी आहे आणि तिथून ती माझ्याकडे परत येईल असं मिस्त्रीलाही वाटत नाही. हप्ते तेवढे न चुकता चाललेत.

गाडीसाठी बँकेने मला कर्ज का नाकारलं, ते तुला आठवत असेलच. तुझ्या दुकानाला मी जामीन राहिले, हप्ते तू थकवलेस आणि काळं फासलं गेलं माझ्या नावाला. तेव्हा मी तुला अवाक्षराने बोलले नाही. धंद्यात माणूस बुडतो, त्यात काय. मग तूच आलास. म्हणालास, "ताई, माझ्या ओळखीचा गाडीबाजारवाला आहे. पत गेलेल्या माणसालाही कर्ज मिळवून देतो. मी बरोबर येतो ना." मला इतका आनंद झाला की आईला दोनदा सांगितलं, बघ, त्याला जाणीव आहे.

तो शेठ किती गोड बोलला, आठवतं? "ताई, किमतीचं सोडा हो. महिन्याला किती जमेल तेवढं सांगा, बाकी माझ्यावर." बँकेत कुणी मला बसायला खुर्ची दिली नव्हती, इथे गार पाणी आलं. मी भोळेपणाने आकडा सांगितला. त्याने तो आकडा धरला आणि वर्षं ताणत नेली. गाडी अकरा वर्षांची आणि हप्ते सहा वर्षांचे! हप्ते फिटतील तेव्हा गाडी भंगारात आणि मी साठीच्या पुढे. हे गणित त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं नाही, कारण शेजारी तू मान हलवत होतास.

गाडी दारात आली, आईने खिडकीतून पाहिली, मुलींनी पुसली. आठवड्याने शेठचा फोन. पहिल्या फायनान्सवाल्याने हात वर केले, दुसरा तयार आहे, फक्त व्याज थोडं वर जाईल आणि विमाही त्याच्याकडूनच घ्यावा लागेल. गाडी परत केली तर आगाऊ दिलेले पैसे बुडाले. मी तुला विचारलं. तू म्हणालास, "कर सही, ताई. दारातली गाडी परत गेली तर गल्लीत हसं होईल." मी पुन्हा सही केली. आगीतून फुफाट्यात पडले, तेही माझ्याच पायांनी.

इथवर मी शेठला शिव्या घालत होते. आता मूळ गोष्टीकडे येते. सकाळपासून तिच्याभोवती घिरट्या घालतेय.

पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा मला वास आला होता. आरशाला एक आणि पाठीमागे एक, अशा दोन सुवासाच्या बाटल्या लटकत होत्या, पण त्यांच्या खाली तो होता. ओल्या चादरी गठ्ठ्यात विसरल्या की येतो तो कुबट वास. मी दोनदा हुंगलं आणि तुझ्याकडे पाहिलं. तू शेठला टाळी देत म्हणालास, "आमच्या ताईचं नाक म्हणजे पोलिसांचं कुत्रं!" सगळे हसले. मीही हसले. मिस्त्रीला दाखवू का, असं विचारलं तर तुझा चेहरा पडला. "माझ्यावर विश्वास नाही का?" तुला ओळखीच्या माणसापुढे खाली बघायला लागू नये म्हणून मी गप्प बसले. इतकी वर्षं लोकांच्या कपड्यांचा वास घेऊन मी पोट भरलं, आणि स्वतःसाठी नाक वापरायची वेळ आली तेव्हा भावाच्या मानासाठी ते मिटून घेतलं.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीने माझ्यासमोर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. जिथवर तो कधी कुणी ओढत नाही, तिथे वाळलेला गाळ होता. मग त्याने वरचं नवं रेक्झिन टराटरा फाडलं. खाली जुनं कापडी कव्हर. तो म्हणाला, "बाई, ही पुरात बुडालेली गाडी. पाणी सीटच्या वर होतं. पण हे कापड कुणी धुतलंय हो? इतकं स्वच्छ काम मी पाहिलं नाही."

मी कव्हराचा कोपरा उलटा केला. आत लाल दोऱ्याचा टाका होता.

तुला सांगायला नको, पण लिहिल्याशिवाय माझं मन हलकं व्हायचं नाही. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर आपण शाईने नंबर घालतो. लाल टाका घालतो तो घरच्या कपड्यांना, म्हणजे मुली त्याचं बिल करत नाहीत. आईचे, माझे आणि तुझे, एवढेच लाल टाक्याचे कपडे. पूर ओसरल्यावर तू पोत्यात भरून कव्हरं आणली होतीस. "मित्राची गाडी आहे, पोरांनी चिखल केला," म्हणालास. चिखल कसला, दगड झाला होता त्याचा. मी ती घरचं काम म्हणून लाल टाका घालून तीन पाण्यांतून काढली, हातांनी घासली, माझी बोटं सोलली. पैसे देऊ केलेस तर रागावले. जाताना म्हणालास, "ताई, तुझ्या हाताला तोड नाही."

म्हणजे मी त्या गाडीत बसायच्या आधीपासून तुला सगळं ठाऊक होतं. कुठलाही जाणता माणूस ती घेणार नाही, हेही ठाऊक होतं. मग ज्याला दुसरीकडे कर्ज मिळत नाही असं गिऱ्हाईक शोधलंस, आणि ते घरातच सापडलं, तूच तयार केलेलं. कुंपणानेच शेत खाल्लं रे. शेठने फसवलं त्याचं मला एवढं नाही, तो परका, त्याचा धंदाच तो. तू केसाने गळा कापलास. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. मला नुसता राग येतोय, आणि तो इस्त्री करतानासुद्धा जात नाही.

तुला यातून किती मिळाले, ते मला सांगू नकोस. आकडा लहान निघाला तर जास्त लागेल.

कव्हराचा कोपरा मी आईला दाखवला. हा टाका तिनेच मला शिकवलेला. तिने त्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ. मग म्हणाली, "धाकटा आहे गं तो." थोड्या वेळाने तिने आपणहून औषध मागितलं आणि तोंड न फिरवता घेतलं.

गॅरेजमधली गोष्ट तुझ्या कानावर गेली असणार, काल तुझा फोन आला. "ताई, तक्रार खुशाल कर, पण माझं नाव घेऊ नकोस. शेठ मला उभा करणार नाही." सीटखाली काय निघालं, मशीन कसं वाचेल, आईला काय सांगितलं, यातलं तू काहीही विचारलं नाहीस. दोन हप्ते चुकले की फायनान्सवाले गाडी ओढून नेतील, कवडीमोलाने विकतील आणि उरलेल्या रकमेसाठी माझ्या मशीनवर येतील. हे त्यांच्या माणसाने मला हसत हसत सांगितलंय. मशीन गेलं तर मुलींना मी कुठल्या तोंडाने या म्हणू?

आज सकाळी ग्राहक तक्रारीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "गाडी बुडालेली होती हे विकणाऱ्यांना माहीत होतं, कशावरून?" मी कव्हर टेबलावर पसरलं. त्याने विचारलं, "हे तुमच्याकडे धुवायला कोणी आणलं होतं?"

मी तुझं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. त्याने लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "तुमचे कोण?" तेव्हा मात्र मी टेबलावरच्या कव्हराची घडी घालायला लागले. त्याने पुन्हा विचारलं. "भाऊ," म्हणाले.

आता तुलाही बोलावणं येईल. खरं सांगितलंस तर माझं मशीन वाचेल. नाही सांगितलंस तर माझ्या डोळ्यांदेखत खोटं बोलावं लागेल, आणि डागांचं मला कळतं.

आईने तुला आशीर्वाद सांगितले आहेत. तिने सांगितले म्हणून लिहिले.

कोट मुलीबरोबर पाठवतेय. आतला लाल टाका मी उसवला. जुना होता, कापडात बारीक भोकं राहिली आहेत, ती इस्त्रीने जात नाहीत. कॉलरच्या आत शाईने नंबर घातलाय. बिल उजव्या खिशात आहे. यापुढे कपडे टाकायचे असतील तर काउंटरवर टाकावेत, घरात आणू नयेत.

आपली,
लाँड्रीवाली