अकराच्या दिशेला, चाळीस फुटांवर

टबवाकेआ,
मंगळवार

प्रिय रोतिया,

मावशीचा फोन बिघडलाय की काय, असं म्हणशील. बिघडलेला नाही. पण फोनवर तू नुसती 'हं, हं' करतेस आणि तुझ्या बापाचं नाव निघालं की तिकडच्या, फिजीच्या सुव्यातल्या पावसावर बोलायला लागतेस. कागदाला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडशील, पण तुझा स्वभाव मला माहीत आहे, आधी वाचशील आणि मग फाडशील. तेवढं मला पुरे आहे. उद्याच्या विमानाने हे निघेल.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे पुढचं सगळं वाचताना तुला कळत राहील की मी कशाबद्दल बोलतेय. तुझ्या बापाला, तिमेओनला, दिसेनासं झालंय. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, आणि चांगला पिकलेला. नर्स म्हणाली, सुव्याला हे एका सकाळचं काम आहे, इथे होत नाही. असंच ठेवलंत तर वर्षभरात कुणाचा तरी खांदा धरून चालावं लागेल. तुझ्या बापाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तिचे आभार मानले, तिला दोन शहाळी दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या पाहुण्यांना घेऊन इकारी मासे पकडायला गेला.

ज्याला दिसत नाही तो माणूस दुसऱ्याला मासा दाखवायचं काम करतो, हे वाचून तुला हसू येईल. मलाही आलं असतं. पण गेली दोन वर्षं तो हेच करत होता आणि आख्ख्या बेटावर कुणालाही पत्ता नव्हता. मी त्याच लॉजच्या स्वयंपाकघरात आहे, रोज त्याच्या हातात डबा देते, मलाही नव्हता. आता मागे वळून बघते तेव्हा मला राग येत नाही, मी थक्क होते.

ते कसं चालतं ते तू लहानपणी पाहिलंयस. गुडघाभर पाणी, खाली पांढरी वाळू, वर ऊन, आणि इकारी म्हणजे पाण्याच्याच रंगाचा मासा. तो दिसत नाही, त्याची सावली दिसते, तीही दिसली म्हणेपर्यंत गेलेली असते. पाहुणा हातात चरखीची गळकाठी आणि पिसांची खोटी कोळंबी घेऊन उभा, आणि शेजारी वाटाड्या सांगणार: अकराच्या दिशेला, चाळीस फुटांवर, डावीकडे चाललाय, टाक! घड्याळाचे बारा म्हणजे नाकासमोर, तिथून मोजायचं. चाळीस वर्षांच्या मातांगाला, म्हणजे बाहेरच्या गोऱ्या माणसाला, घड्याळ येतं, पण स्वतःचं नाक कुठे आहे ते येत नाही, म्हणून त्याला खांद्याला धरून वळवावंही लागतं.

दिसेनासं झालं तसं तिमेओनने काय केलं असेल? त्याने पाहुण्यांनाच विचारायला सुरुवात केली. 'तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. घाई नको. मी नाही सांगणार.' पाहुणे बिचारे डोळे फाडफाडून बघायला लागले, आणि त्यांना दिसायलाही लागलं! होबार्टचा एक दातांचा डॉक्टर आहे, प्रॉक्टर नावाचा, सात वर्षं येतोय. सहा वर्षांत त्याला स्वतःहून एक मासा दिसला नव्हता. गेल्या वर्षी एका दिवसात अकरा दिसले. लॉजच्या वहीत त्याने दोन पानं लिहिली आहेत की हा माणूस वाटाड्या नाही, गुरू आहे, हा तुम्हाला मासा देत नाही, दृष्टी देतो. मॅनेजरने ते पान फ्रेम करून जेवणघरात लावलंय. त्याच्याखाली बसून तुझा बाप माझ्याकडून तांदळातले खडे निवडून घ्यायचा, कारण त्याला ते दिसत नव्हते.

पण नुसतं नाटक असतं तर मी त्याला तेव्हाच पकडलं असतं. बाकीचं सगळं खरं होतं. भरतीचं पहिलं पाणी वाळूवर चढतं ते गार असतं, ते त्याला पायाच्या घोट्याला कळतं, आणि त्या गार पाण्याच्या कडेकडेने इकारी येतात. उथळ पाण्यात तोंड खाली खुपसून ते खेकडे उकरतात तेव्हा शेपट्या वर निघतात, आणि त्या शेपट्यांचा आवाज होतो म्हणे. मी पन्नास वर्षं याच पाण्यात पाय घालून उभी आहे, मला तो कधी ऐकू आलेला नाही. त्याला येतो. तो थांबतो, मान जरा वाकडी करतो, आणि दबक्या आवाजात म्हणतो, 'दहाच्या दिशेला बघा, काहीतरी आहे.' असतंच. मग दोरी पाण्यावर पडते, 'थांबा… बुडू दे… आता हळू ओढा… हळू, दात उपटत नाही आहात तुम्ही!' आणि चरखी किंचाळायला लागते. शंभर यार्ड दोरी घेऊन मासा पळतो आणि प्रॉक्टरसाहेब लहान मुलासारखे रडतात. मासा हातात घेऊन, पाण्यात धरून, परत श्वास घ्यायला लागेपर्यंत तिमेओन त्याला पुढेमागे हलवतो आणि सोडून देतो. त्याला मासा दिसत नाही तेव्हा. तळहाताला कळतं म्हणतो, कधी सोडायचा.

इथे तू ओठ मुडपलेस, मला माहीत आहे. विमानतळावर तू काय म्हणाली होतीस तेही माझ्या कानात आहे. 'पकडायचं, कौतुक करायचं आणि सोडून द्यायचं, त्याला सवयच आहे. मला तरी वेगळं काय केलं?' थांब जरा. तिथेही येणार आहे मी.

पकडला गेला तो एका पोत्यामुळे. जूनमध्ये त्याने एका पाहुण्याला दोनच्या दिशेला मोठा थोरला, जागचा न हलणारा इकारी दाखवला. सावली तेवढी त्याला अंधुक दिसली असावी. पाहुण्याने एकवीस वेळा दोरी टाकली, चार प्रकारच्या कोळंब्या बदलल्या, आणि रात्रीच्या जेवणाला आला तो छाती फुगवून: असा हुशार मासा जन्मात पाहिला नाही! किमाएरे शेजारच्या टेबलाशी होता. तुझ्या बापाच्या हाताखाली तयार झालेला, तोंडाने फाटका. तो काहीच बोलला नाही, तेव्हाच मला शंका आली. दुसऱ्या दिवशी ओहोटीला तो तिथे जाऊन आला. माझ्या दारात उभा राहिला, हातात तांदळाचं सडकं पोतं, दगडाला अडकलेलं होतं म्हणाला. 'मावशी, हा तुमच्या तिमेओनदादाचा हुशार मासा. भाजून देता का?' आणि हसता हसता त्याचा चेहरा असा काही झाला की मी त्याला बसवून चहा दिला. ते पोतं त्याने मागच्या चुलीत जाळलं. आजपर्यंत कुणाला बोललेला नाही. त्या दिवसापासून त्याची होडी रोज तिमेओनच्या होडीमागे असते, हाकेच्या अंतरावर. विचारलं तर म्हणतो, 'म्हाताऱ्याच्या जागा चोरतोय.'

पण किमाएरे मागे असून काय उपयोग? गेल्या गुरुवारी वाट दाखवणाऱ्या खुंटाच्या चुकीच्या बाजूने होडी घातली तिमेओनने, ऐन जोरात, आणि पोवळ्यावर आपटली. पाहुणा पाण्यात पडला, तो वाचला, पोहता येत होतं. तुझ्या बापाची पोटरी फाटली. मी जखम धुताना विचारलं, काय झालं, तर म्हणे, 'पोवळं वाढलंय.' मी म्हटलं, 'बुधवारी नव्हतं आणि गुरुवारी वाढलं? काय खातं ते, पाव?' तो हसला नाही. पुढच्या वेळी त्या होडीत एखादा न पोहणारा असेल, हे त्यालाही कळलंय. म्हणून त्याने काम सोडलंय. कुणी काढायच्या आत स्वतःच मॅनेजरकडे जाऊन सांगून आला, मला दिसत नाही. कोणता वाटाड्या असं सांगेल? आता दिवसभर घरासमोर बसून पाण्याचा आवाज ऐकतो.

सगळ्यांनी सांगून पाहिलं. पाद्रीबाबांनी सांगितलं, नर्सने पुन्हा सांगितलं, प्रॉक्टरने होबार्टहून निरोप धाडला. सगळ्यांना एकच उत्तर: 'बघू.' शेवटी मी चिडून म्हणाले, 'सुव्यात पोरगी आहे तुझी, तिच्याकडे उतरायला लाज वाटते का?' तेव्हा तो म्हणाला, 'ताई, दिलेल्या मुलीच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू?'

रोतिया, आता मी जे लिहितेय ते मला सत्तावीस वर्षांपूर्वी सांगायचं होतं. तुझ्या बापाने तुला माझ्याकडे ठेवलं, असं मी तुला सांगत आले. त्याने ठेवलं नाही. मी मागितलं. तुझी आई जाऊन महिना झाला होता, मला मूल नव्हतं, तुझ्या आईचा चेहरा तुझ्या चेहऱ्यात होता. मी त्याच्याकडे गेले, त्याने वाढलेलं जेवले आणि बुबुती केली. सुव्यात राहून तू विसरली असशील तर आठवून बघ: आपल्यात मागितलेलं नाकारता येत नाही. सायकल मागा, होडी मागा, अंगातला सदरा मागा, माणूस काढून देतो, वर हसतो. मी म्हटलं, 'तिमेओन, रोतिया मला दे.' तू त्याच्या मांडीवर झोपली होतीस. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला, तेव्हा त्याला नीट दिसत होतं. मग म्हणाला, 'ने, ताई.' आणि तुला उठवायला नको म्हणून तुझं डोकं त्याने दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिलं. दर रविवारी प्रार्थनेनंतर तो मासे घेऊन यायचा आणि बाहेर केवड्याखालीच बसायचा, आठवतं? तुला वाटायचं, त्याला आत यावंसं वाटत नाही. दिलेल्याची विचारपूस करायची नसते, म्हणून तो येत नव्हता. मला फक्त एवढंच विचारायचा: 'भात नीट खाते ना?' तू त्याच्यावर रुसलीस ते मी पाहत होते, आणि गप्प बसले, कारण तू रुसलीस की जास्त माझी व्हायचीस. माझी जीभ एवढी चालते, सगळ्या गावाला माहीत आहे. तिथे मात्र चालली नाही.

तर आता तू एक कर. त्याला 'ये' म्हणू नकोस, तो 'बघू' म्हणेल. उपचाराचं नाव काढू नकोस. रविवारी त्याला फोन लाव आणि माग. म्हण, 'बाबा, मला तुझे दोन्ही डोळे हवेत.' बस, एवढंच, पुढे काही बोलू नकोस, रडूही नकोस. तो देईल, त्याला द्यावेच लागतील. मी मागितले असते, पण मी ते नेऊन ठेवणार कुठे, तुझ्याच दारात ना? आणि माझं त्याच्याकडे मागायचं तोंड मी एकदाच वापरून संपवलंय. एकदा दिले की ते डोळे तुझे, त्यांचं काय करायचं, कुठल्या डॉक्टरला दाखवायचे, ते तू ठरव. विमानात किमाएरे त्याच्याबरोबर येईल, तो आतापासून कपडे धुऊन बसलाय. आणि काम झालं की ते त्याचे त्याला परत दे. तो मागणार नाही. दिलेलं कुणी मागत नाही, ते आपण होऊन परत द्यावं लागतं, आणि मला ते इतक्या वर्षांत एकदाही जमलं नाही.

तुझीच, अजून तुला माझी म्हणायचं असेल तर,
बेरेनामावशी