मेमरी कोणी खाल्ली

१० फेब्रु., मंगळ
गोखिवऱ्याच्या कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर परत झोपला. तीनेक आठवडे झाले की मेमरी संपते, मी अख्खं मशीन रीबूट करतो, की चालू. साहेब भडकले. "आतली मासळी सडली म्हणजे?" तोंडातून निघून गेलं, "मेल्विनचा प्रोग्राम मेमरी खातोय." नवीन तोच ना! पाचूबंदरचा मेल्विन, खोल्यांचं तापमान नोंदवायचा प्रोग्राम त्याने लिहिला. पहिलंच काम त्याचं.

१२ फेब्रु.
साहेबांनी प्रोग्राम बंद केला, मेल्विनचं कामही. तो एवढंच म्हणाला, "दादा, तुम्ही नीट बघितलंय ना?" हो म्हटलं. बघितलं कुठे होतं!

५ मार्च, गुरु
मेमरी परत संपत आली. मेल्विनचा प्रोग्राम नसताना! आज पहिल्यांदा एकेका प्रोग्रामचा आकडा घेऊन बेरीज केली. सगळे मिळून अर्धीसुद्धा भरत नाही. बाकीची कोणाच्याच नावावर नाही.

६ मार्च
सापडली. /dev/shm. दिसायला फोल्डर, पण त्यात टाकलेलं सगळं डिस्कवर नाही, मेमरीत बसतं. रिपोर्ट झटपट निघावा म्हणून रोज मालाच्या आवक-जावकीच्या नोंदींची प्रत तिथे टाकणारी स्क्रिप्ट. कोणाची? माझीच. जुन्या प्रती पुसायचं राहिलं. रीबूट केलं की त्या आपोआप जायच्या, म्हणजे दर वेळी पुरावा मीच धुऊन टाकत होतो. शी!
फोल्डर रिकामं केलं. संध्याकाळी साहेब, "बघ, त्याला काढल्यापासून एकदा तरी बंद पडलं का?" मी मान हलवली. चक्क हलवली.

९ मार्च, सोम
सीमाला सांगितलं. "मग त्याला सांग ना. मला काय सांगतोस?" बायको बरोबर बोलते याचाच राग आला. नंबर काढला, ठेवून दिला. स्वतःची किळस येते.

११ मार्च, बुध
मेल्विनचाच फोन. एकदम खुशीत. "दादा, चूक सापडली! एक फाइल उघडून बंदच करत नव्हतो. तेव्हापासून घरी हेच शोधत बसलेलो. तुम्ही बोललात ते बरोबर होतं."
तेवढ्याने एवढी मेमरी जात नाही. त्याला माहीत नाही, मला आहे.
उद्या येतोय, साहेबांना सॉरी बोलायला. "तुम्ही पण थांबा ना दादा, मला जरा धीर येईल."
थांबतो म्हटलं.