घासलेली नळी

आश्विन शुद्ध अष्टमी, शके १८६०. मुक्काम अमरावती

आणि वरून जावई मले सांगतात, आई, त्या खोलीत जाऊ नका! मी काय चोर आहे? सासूनं जावयाच्या घरी राहू नये हे मलेही कळते. शकुनले सातवा महिना लागला म्हणून आली. तिकडे गावी शेंदूरजन्याले संत्र्याचा आंबिया बहार तोडीवर आला, आमचे मालक किसनराव एकटे मजुरांशी डोकं फोडून राहिले, आणि मी इथं लेकीच्या घरात कुलूप पाहून राहिली.

जावई खुशालराव कॉलेजात नवे प्रोफेसर. पण कच्चे, कायम नाही. कॉलेजनं प्रयोगाले जागा दिली नाही, म्हणून मधल्या खोलीत पितळेची नळी, बॅटऱ्या, वायरी मांडल्या. म्हणतात, प्रत्येक वस्तूच्या कणाच्या पोटात आणखी बारीक दाणा असतो, तो फुटला की नळी टक् करते. मी म्हटलं, संत्र्याच्या पोटातही बी असते, तिच्यापायी कोणी पगार देत नाही. कोजागिरीले नागपूरहून युनिव्हर्सिटीचे साहेब येणार. नळी टकटकली तर नोकरी पक्की. नाही तर त्याच संस्थेच्या अकोल्याच्या हायस्कुलात पोरांले त्रैराशिक शिकवा.

खिडकीतून पाहिली नळी. काळी ठिक्कर. असं पितळ घरात ठेवून मले घास गेला नसता.

ठराव: जावयाच्या कामात हात घालायचा नाही. पक्का.

शुद्ध नवमी

हात घातला नाही. पूजा केली. फरक आहे.

आमच्याकडे आज विळे, कुदळी, छाटणीची कात्री धुऊन पाटावर मांडतात. ज्या हत्यारावर पोट चालते त्याले दसऱ्याच्या तोंडावर पारोसं ठेवायचं? जावईबापू बडनेऱ्याले स्टेशनावर पार्सल आणायले गेले, कुलूप लावायचं विसरले. ही चूक त्यायची.

चिंच आणि राख. दोन्हीकडची बुचं काढली. आत केसाएवढी तार होती, काथ्यानं घासताना आपसूक निघाली. मिस्त्री विसरला असेल. राखेत टाकली. नळी सोन्यासारखी झाली. पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला.

शकुन म्हणे, आई, त्यायले विचारलं का? मी म्हटलं, हळद लावायले कोणी परवानगी काढते का?

खूश होतील.

दसरा

सोनं द्यायले जावईबापू आत आले. पाटाकडे पाहिलं. नळी उचलून डोळ्याले लावली, आरपार पाहिलं, आणि खालीच बसले. शकुनले विचारलं, यातली तार कुठाय? कलकत्त्याहून आणलेली, इथं मिळत नाही.

शकुननं माझ्याकडे पाहिलं. मी पुरणपोळी उलटली. तेव्हा बोलली असती तर पोळी जळली असती.

शकुन म्हणाली, मीच घासली, चुकलं माझं.

ते न जेवता उठले. शकुनही जेवली नाही. पोळ्या उरल्या. सकाळी सांगून टाकीन. चहाच्या आधी.

एकादशी

चहा झाला. आज उपास आहे, उपाशीपोटी भांडण नको.

राख चाळायले गेली तर भांडेवाल्या माणिकबाईनं ती कधीच उपसून फेकली. तिले कोणी सांगितलं होतं एवढी घाई करायले!

पण तोडगा सुचला. तार म्हणजे तार. संत्र्याच्या टोपल्या बांधायची तार माझ्या पिशवीत असतेच. जावईबापू आंघोळीले गेले तेव्हा ओवली, दोन्हीकडे आवळून गाठ मारली. कलकत्त्याच्या तारेपेक्षा चांगली जाड आहे. कोजागिरीले अशी टकटकेल की साहेब कान झाकतील. मग सांगायची गरजच काय?

त्रयोदशी

जावईबापूनं बॅटऱ्या तपासायले नळी जोडली. टकटकली नाही. फट् झालं आणि जळका वास सुटला.

जावईबापूनं बूच काढून गाठ पाहिली. दोन वेढे उलटे, एक सुलटा. ही आमच्या बागेची गाठ. मागच्या वर्षी आमी पाठवलेली टोपली त्यायले सोडवता आली नव्हती, विळीनं कापली होती. शकुनले तर ही गाठ जन्मात जमली नाही.

माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, आई, जेवलात का?

ओरडले असते तर मीही ओरडली असती. जेवलात का म्हणे!

नंतर आतून ऐकू आलं, शकुनची माफी मागून राहिले होते. कोणी मागायची, आणि कोण मागून राहिलं. मी उशी कानावर घेतली.

कोजागिरी

दोन साहेब आले. नळीजवळ बसले. मी चुलीपाशी बसून आठवले तेवढे देव बोलावले. एकही आला नाही. मसाल्याचं दूध पिऊन एक साहेब म्हणाला, प्रयोग नाही जमला, पण ट्यूब फार स्वच्छ ठेवली आहे तुमी.

जावईबापू थँक्यू म्हणाले.

वद्य द्वितीया

कॉलेजचा निरोप आला. अकोल्याची जागा घेता का नाही, धनतेरसपर्यंत सांगा.

आज सांगितलं. चहाच्या आधी. तार मी काढली, दुसरीही मीच घातली, पोर माझ्यापायी खोटं बोलली. जावईबापू म्हणाले, माहीत आहे. आणि बॅटऱ्या खोक्यात भरत राहिले. मी म्हटलं, रागवा तरी. ते म्हणाले, आई, ते बूच द्या जरा इकडे.

दिलं. पदरानं पुसून दिलं.

शकुननं माझी पिशवी भरून दाराशी ठेवली. मोर्शीकडची मोटार सकाळी सुटते, असं भिंतीकडे पाहून म्हणाली. पोरीले काय कळते? अकोल्याले ओळखीचं कोणी नाही, बाळंतपण तोंडावर. आणि तिथं नळीच नसेल तर मी बिघडवीन काय?

दारातूनच जावईबापूले विचारलं: मी अकोल्याले येऊ का नको? ते खोक्याले सुतळी बांधत राहिले. मी म्हटलं, असं चूप बसणं मले चालत नाही. हो का नाही, धनतेरसच्या आत सांगा.