गप्प व्होल्गा

कोचकोर, ६ एप्रिल

चि. एर्मेक यास, अ. उ. आ.

आशीर्वाद मोठी बहीण म्हणून लिहिलेत, तुझं वागणं बघून नव्हे. फोनवर आपण दोघंही ओरडतो आणि मुद्द्याचं राहून जातं, म्हणून हे पत्र व्हॅनवाल्या तालायच्या हाती देते आहे.

त्याच तालायने सांगितलं की मी पाठवलेला लोकरीचा नमदा तू गॅरेजच्या जमिनीवर अंथरलास आणि त्यावर उताणा पडून गाडीखाली काम करतोस. ऑइलचे डागही पडलेत म्हणे. लाज कशी वाटली नाही रे तुला? त्या नमद्यासाठी मी नऊ बायकांना आशारच्या मदतीला बोलावलं होतं. एक पैसा न घेता अख्खा दिवस त्यांनी लोकर पिंजली, गरम पाणी ओतून बोरूच्या चटईत गुंडाळली, कोपरांची सालटी निघेपर्यंत लाटली. मी मेंढी कापून जेवू घातलं आणि प्रत्येकीला सांगितलं की हा आमच्या वडिलांच्या व्होल्गा गाडीच्या तळाला जाणार, त्यांच्या पायांना ना थंडी बाधणार ना इंजिनाची धग. आता त्या नळावर भेटतात आणि गाडी कुठवर आली म्हणून विचारतात. काय सांगू मी त्यांना?

अताकेंना दिसेनासं झाल्याला दोन वर्षं झाली. रोज दारात बसून मला एकच विचारतात, की माझी गाडी कधी येणार. तिच्यात बसून एकदा सोन-क्योलच्या कुरणावर जायचं, एवढंच त्या बापाचं मागणं उरलंय. त्यांची तब्येत बघता पुढचा उन्हाळा मी धरून चालत नाही. तेव्हा शहाणपणा बाजूला ठेव आणि जूनमध्ये गाडी आण.

रागावलेली, तरी तुझीच,
बुरुल

बिश्केक, ११ एप्रिल

ती. बुरुलएजेस, सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा चुरगळून फेकलं होतं.

नमद्यावर झोपलो, ते चुकलं. पण गाडीत तो घालणार नाही, हे एकदाच नीट ऐक. जुना गालिचा उचलला तेव्हा खाली अताकेंनी स्वतः अंथरलेला नमदा निघाला. तीस हिवाळे बुटांवरचं बर्फ पिऊन तो कुजला होता आणि खालच्या पत्र्याची चाळण झाली होती. माझा पाय आरपार गेला! लोकर एकदा भिजली की तिथे वाळत नाही, एजे. तंबूवरच्या नमद्याला वारा लागतो, गाडीच्या तळातल्या नमद्याला नाही. तो सगळा पत्रा कापून मी नवा जोडला आहे.

आता दारांना, छताला आणि तळाला रबरासारखे चिकट, वरून चंदेरी वर्ख असलेले तक्ते बसवतोय. गरम करायचे, दाबायचे, रूळ फिरवून हवा काढायची. टिचकी मारली की पत्रा आधी डब्यासारखा वाजायचा, आता मुका होतो. त्यावर फोमचा थर. इंजिन आणि पाय यांच्यामधल्या भिंतीला धग अडवणारा वेगळा थर. लहानपणी मागच्या सीटवरून आपण बोंबललो तरी अताकेंना ऐकू जायचं नाही, आठवतं? आता ते कुजबुजले तरी मला कळेल, अशी गाडी करणार आहे. तुला लोकरीपलीकडे जगच दिसत नाही, त्याला मी काय करू?

राग हवा तेवढा ठेव, माया कमी करू नकोस.
तुझा एर्मेक

कोचकोर, २३ जून

चि. एर्मेक यास, अ. उ. आ.

परवा अताकेंना सोन-क्योलच्या अर्ध्या वाटेतून परत आणलंस, दारात उतरवलंस आणि चहाही न घेता निघून गेलास. मला एवढंच ओरडून सांगितलंस की बापाने तुला चोर ठरवलं. का ठरवलं, ते मी त्यांना बसवून विचारलं.

ते म्हणाले की सीट आणि स्टिअरिंग चाचपलं तेव्हा बरं वाटलं होतं. पण गाडी सुटली आणि काहीच ऐकू येईना. पूल कधी गेला कळलं नाही, खडीचा रस्ता लागला ते कळलं नाही. दुसऱ्या गिअरला तळातून यायची ती घरघर नाही, चाकांवरच्या पत्र्यावर खडे आपटत नाहीत. त्यांची खात्री पटली की तू व्होल्गा विकलीस आणि कुणाची तरी गाडी मागून आणून आंधळ्या बापाला फिरवतोस. वर तू त्यांच्या अंगावर खेकसलास, मग तर विचारायलाच नको.

अरे, ज्याला दिसत नाही तो रस्ता कानाने बघतो, हे तुझ्या डोक्यात कसं आलं नाही? माझ्याही आलं नाही, आणि त्यापायी मला तुझ्याइतकाच माझाही राग येतोय. कालपासून ते जेवत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात की पोराने गाडी फुंकून टाकली. ते सगळं खरवडून काढ आणि आठवड्याच्या आत गाडी आण.

बुरुल

बिश्केक, २७ जून

ती. एजेस नमस्कार. साष्टांग घालायला आज कंबर वाकत नाही.

नाही काढणार. दीड महिना सुट्टीचा एक दिवस न घेता मी ते काम केलंय. हे तक्ते सुखासुखी निघत नाहीत, रंग घेऊन निघतात. आणि हे करायचं कुणासाठी, तर ज्यांचा पोटच्या पोरावर विश्वास नाही त्यांच्यासाठी? गाडी विकायची असती तर तो कुजलेला पत्रा घेणारं गिऱ्हाईक तरी कुठे मिळालं असतं, विचार त्यांना.

वरचं सकाळी लिहिलं. आता संध्याकाळ झाली आहे. तळ आणि चाकांवरच्या कमानी मोकळ्या केल्यात, दोन नखं उचकटलीत, आणि तुम्हा दोघांचा मला भयंकर राग येतोय. दारं आणि छत उद्या. इंजिनाकडच्या भिंतीचा थर मात्र राहणार. त्यांचे पाय मी भाजू देणार नाही, त्यावर वाद नको. शनिवारी येतो.

एर्मेक

कोचकोर, ५ जुलै

चि. एर्मेक यास, अ. उ. आ.

सोन-क्योलहून परतल्यावर अताकेंचा चेहरा कसा होता ते तू पाहिलंसच. गाडी घरघरल्याबरोबर त्यांनी तिला शिवी हासडली आणि मग घाटातलं प्रत्येक वळण आधीच सांगत गेले, हे तू सांगितलंस तेव्हा मी आत जाऊन रडले. तू बिश्केकला गेल्यावर काय झालं, ते मात्र तुला ठाऊक नाही.

शेजारी चहाला आले होते. अताके मोठ्याने सांगत होते की माझ्या मुलाने गाडी विकली नव्हती, मीच उगाच बोललो. दोनदा सांगितलं. मला वाटलं, मिटलं एकदाचं. तेवढ्यात पाठ चोळत त्यांनी त्या पहिल्या गाडीचा विषय काढला. म्हणाले, ती ज्या कुणाची असेल, त्या माणसाने जीव ओतून काम केलंय. इतकी शांत गाडी त्यांना जन्मात भेटली नव्हती. आपल्या एर्मेकने वर्षभर त्याच्या हाताखाली राहून शिकावं.

मी किटली आपटली. सगळं खरं सांगून टाकणार होते, इतकी संतापले होते. पण खरं कळलं तर ते काम आपल्यापायी खरवडलं गेलं म्हणून झुरत बसतील. म्हणून जीभ आवरली आणि चहा ओतला.

निजताना त्यांनी मला पुन्हा बजावलं की त्या माणसाचा पत्ता काढ आणि त्याला माझा सलाम कळव. तो या पत्राने कळवते आहे.

बुरुल