ट्रायल राहिलेला कोट

मी, कोपऱ्यावरच्या दुकानातली शिंपीण, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. डोके शाबूत आहे. सुईत दोरा मात्र हल्ली शेजारचा इस्त्रीवाला ओवून देतो, म्हणून लिहायची घाई केली.

१. शिलाई मशीन व मोठी कात्री इस्त्रीवाल्याला द्यावी. त्या कात्रीने त्याने कागद कापल्यास ती तत्काळ काढून घ्यावी. जिवंतपणी बजावून माझे तोंड दुखले आहे.

२. बँकेतील शिल्लक धाकट्या बहिणीच्या मुलाला. मावशीला त्याने कधी फोन केला नाही, पण भाचा तो भाचाच.

३. दुकान व मागची खोली धाकटीला, एका अटीवर. खुंटीवर तिचा राखाडी कोट आहे. तिने येथे येऊन त्याची ट्रायल द्यावी. कोट पोस्टाने पाठवू नये.

पुढे वाद नको म्हणून ‘ट्रायल’चा अर्थ नमूद करते. शब्द इंग्रजी असला तरी आमच्या धंद्यात त्यावाचून पान हलत नाही. कपडा कच्च्या टाक्यांनी जोडायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचा, मगच पक्की शिलाई मारायची. नुसत्या मापावर भागत नाही, माणूस समोर लागतो.

धाकटी गाव सोडून गेली तेव्हा गाडीच्या खिडकीतून ओरडली होती, “ताई, पुढच्या खेपेला ट्रायल! तोवर पक्का शिवू नकोस हं!” नाही शिवला. तेव्हा तिच्या कडेवर असलेला भाचा आता मोटार चालवतो म्हणे. दर फोनला मी विचारते, “ट्रायलला कधी येतेस?”

“अगं, केवढी सुटलेय मी! आता कुठला बसतोय तो?”

अगं बाई, म्हणूनच तर ट्रायल असते! शिवणीत दोन बोटे माया ठेवली आहे. उसवायला मला कितीसा वेळ? तिची फार आठवण येते. फोनवर हे तोंडातून निघत नाही, म्हणून येथे लिहिते.

४. मी नसताना ती आल्यास इस्त्रीवाल्याने विचारावे, “हात वर करून बघा, कुठे काचतंय का?” ती “नाही” म्हणाली, तरी पुन्हा विचारावे. काचलेले सांगायची तिला लहानपणापासून सवय नाही.

५. ती माझ्या हयातीत आली, तर वरील सर्व रद्द समजावे. नवे काय लिहायचे ते आम्ही दोघी बसून ठरवू.

सही: शिंपीण

साक्षीदार:
१. समोरचे घड्याळजी
२. दवाखान्यातली नर्स
(इस्त्रीवाल्याची सही घेतली नाही. त्याला कात्री मिळायची आहे.)

स्थळ: दुकान, आरशाजवळ
दिनांक: ९ मार्च, रविवार. धाकटीचा फोन यायचा आहे.